कॉम्प्युटरचं करते

तसं पाहिलं तर काल काहीच झालं नाही. काकाजी आले, चहा झाला, त्यांनी विचारलं, "पोट्टी काय करून रायली मंग?" आणि आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कॉम्प्युटरचं करते अमरावतीले." बस, एवढंच.

खोटंही म्हणता येत नाही. निम्मं सेमिस्टर एडिटिंगच्या टाइमलाइनसमोरच गेलं. पण तिला सगळं माहीत आहे. अ‍ॅडमिशनला तीच सोबत होती. फॉर्मवर फोटोग्राफी, फिल्म, व्हिडिओ लिहिताना माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. बाबांचं तेव्हा जे चाललं होतं, ते जाऊ दे.

आईच्या डोळ्यांपुढे कोण येत असेल, कळतं मला. आमच्याकडे कॅमेरा म्हणजे शूटिंगवाला. वरातीत बँडपुढे उलटं चालणारा, घामाघूम, सगळ्यात शेवटच्या पंगतीत बसणारा. पण मग तसं म्हण ना मला. काकाजींसमोर झाकायचं काय त्यात?

आणि परवाच तर पऱ्हाटीत असाइनमेंटसाठी तिलाच शूट करत होते! कापूस फुटलेल्या वावरात चेहरा घेणं महाकठीण. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर दिसेल ते 18 टक्के करड्यावर, म्हणजे मधल्या राखाडीवर, आणू पाहतो. फ्रेमभर पांढरं असलं की तो सगळंच दाबतो, कापूस मळकट आणि आईचं तोंड काळंठिक्कर. स्पॉट मीटर, म्हणजे एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणारा, गालावर धरला तर आई दिसते, पण बोंडं जळून नुसता चुना सांडल्यासारखा. कोवळ्या उन्हात हा फरक कमी असतो, पण दहिवर सुकल्याशिवाय वेचायला हात लावायचा नाही. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की सीसीआय, म्हणजे कापूस घेणारं सरकारी महामंडळ, भाव कापते, 12 च्या वर तर घेतच नाही. म्हणजे माझा उजेड जातो तेव्हा यांचं काम सुरू होतं. हे सगळं ती ओटी बांधत असताना मी बडबडले. दुपारी तीच म्हणाली, "ऊन उतरलं का घेजो मंग." म्हणजे तिला कळलं होतं. नीट कळलं होतं.

तरी कॉम्प्युटर.

भावाचं आयटीआय ती कोणी विचारायच्या आधीच सांगते. मी बीएस्सी अ‍ॅग्री घेतलं असतं तर माझंही सांगितलं असतं. घरात आपण आहोत पण गावात नाही, असं काहीतरी वाटत राहिलं रात्रभर. उगाच रडूही आलं. उशीसुद्धा बाबांच्या घोंगडीची होती, टोचत होती.

मग पहाटे 'राजा हरिश्चंद्र'वाले दादासाहेब फाळके आठवले. 1912 सालच्या सुमाराला सिनेमात काम करणं इतकं लाजिरवाणं होतं, की ते आपल्या नटांना सांगत, कोणी विचारलं तर म्हणा, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहो. फॅक्टरी! आणि त्यांच्या बायको सरस्वतीबाई घरात सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून वर फिल्मचंही काम करायच्या. त्यांना शेजारणींनी विचारलं असेल तेव्हा त्या काय म्हणाल्या असतील? म्हणजे आईने नवीन काही केलेलं नाही. धंद्याची रीतच आहे ही. अंधारातच हसू आलं.

सकाळी चुलीपाशी विचारलंच. "आई, काकाजीले फोटोग्राफी काऊन नाई सांगतलं?"

भाकर थापता थापता म्हणाली, "त्यायनं इचारलं असतं, मंग पोट्टीले नोकरी कुठं लागते. मले काय मालूम?"

मलाही कुठे मालूम आहे. गप्प बसले.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तुमच्या कालेजात मिक्सिंग शिकवते का?"

"हाव. तेच तर एडिटिंग."

"मंग आंधीच सांगाचं ना! त्या लग्नाच्या मिक्सिंगवाल्यानं घरावर स्लॅब टाकला औंदा."

आता प्रकरण भलतीकडेच गेलंय. दुपारी ती मावशीकडून ताईच्या लग्नाचा पेनड्राइव्ह घेऊन आली. त्यात म्हणे नवरीचं नाक फार मोठं आलंय, ते माझ्याकडून कमी करून पाहिजे. वाइड लेन्स तोंडाजवळ नेली की नाक मोठं येणारच, आणि तीन तासांच्या व्हिडिओत ते कापायला बसले तर माझी सुट्टी संपेल. पण आईने मावशीला शब्द दिलाय, आणि माझं नाव पुढे करून दिलाय.