उजव्या काखेतल्या तीन गाठी

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती, पण कॅन्सर कुणासाठी थांबत नाही, म्हणून आमचं पेट-सीटी सेंटर, म्हणजे अंगात कॅन्सर कुठे आहे ते शोधणाऱ्या स्कॅनचं केंद्र, चालू होतं. मी न्यूक्लिअर मेडिसिनची डॉक्टर. आम्ही शिरेतून एफडीजी टोचतो, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर. तिची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते. मुंबईहून येणारी गाडी कसारा घाटात अडकली की शेवटच्या रुग्णाला द्यायला पुरेसा डोस उरत नाही. टोचल्यावर तासभर रुग्णाला गप्प पडून राहायला सांगतो. बोललं तर स्वरयंत्राचे स्नायू साखर ओढतात, थंडी वाजली तर मानेतली चरबी ओढते. जे साखर ओढतं ते पडद्यावर उजळतं.

त्या दिवशीच्या काकू ५८ वर्षांच्या. डाव्या स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, डाव्या काखेतल्या गाठी ऑपरेशनमध्ये काढलेल्या. रक्तातला ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरचा संशय देणारा घटक, थोडा वाढला म्हणून सर्जननी पाठवलं होतं. बाकी सगळं अंग स्वच्छ. उजव्या काखेत मात्र तीन लिम्फ नोड, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या गाठी, यकृतापेक्षा कितीतरी जास्त उजळले होते. स्तनाचा कॅन्सर पलीकडच्या काखेत पोचला तर ती सरळ चौथी स्टेज धरतात.

पहिला संशय सुईचा. औषध शिरेबाहेर झिरपलं तर ते लिम्फच्या, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या, वाटेनं वर जाऊन त्याच बाजूच्या काखेत अडकतं, आणि यांना सुई उजव्याच हाताला दिलेली, कारण गाठी काढलेल्या बाजूचा हात आम्ही वापरत नाही. त्यांना टेबलावरून उठू दिलं नाही. कोपरापासून बोटांपर्यंतचं वेगळं स्कॅन घ्यायला लावलं. गळती कुठेच नव्हती. गाठींचा आकार लांबट, मधला चरबीचा भाग शाबूत. आणि उजव्या दंडाच्या वरच्या स्नायूत एक फिकट डाग, मुद्दाम शोधला तरच दिसेल असा.

"काकू, लस घेतली का?"

"घेतली की, मागच्या आठवड्यात. डावा हात नको म्हणून मीच सांगितलं. दोन दिवस दंड ठणकत होता. इथे कुणी विचारलंच नाही, मॅडम."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. सर्जनच्या रेफरलच्या कागदावर "रिकरन्स?", म्हणजे कॅन्सर परत आलाय का, एवढंच. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ब्रेस्ट इमेजिंगनं जानेवारीतच सांगितलं होतं की लसीनंतर काखेतल्या गाठी सुजतात, मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, त्या हिशोबानं ठेवा. आमच्याकडच्या कागदांवर त्याचा मागमूस नव्हता. याची चीड मला अजून येते.

त्या डागापासून त्या गाठींपर्यंत काय घडलं असेल, ते पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतं. लस टोचली की स्नायूत दाह होतो. काही प्रथिनं सुटीच वाहून जातात, पण खरं काम डेंड्रिटिक पेशींचं. त्या परक्या प्रथिनाचे तुकडे घेतात आणि अंगावर सीसीआर-७ नावाचा रिसेप्टर, म्हणजे रसायन ओळखणारं प्रथिन, आणतात. लिम्फवाहिन्यांच्या भिंतीतून सीसीएल-२१ हे रसायन पाझरत असतं. त्याच्या मागावर या पेशी सरपटत जातात. सर्वांत बारीक वाहिन्यांची भिंत सलग शिवलेली नसते. शर्टाच्या दोन बटणांमध्ये राहते तशी फट तिच्यात असते, तिच्यातून पेशी आत घुसते. आत थोडं अंतर स्वतः चालते, पुढे मोठ्या वाहिनीत पोचली की प्रवाह तिला नेतो. दिवसा-दोन दिवसांत काख. तिथे रक्तातून लिम्फोसाइट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जास्त संख्येनं आत येऊ लागतात आणि त्यांची बाहेर पडायची वाट काही काळ बंद होते. ज्यांना तो तुकडा ओळखता येतो त्या दुप्पट, चौपट होत जातात. गाठ सुजते ती अशी, आणि इतकं विभाजन चाललं की साखर लागतेच.

कॅन्सरच्या पेशीलाही लागते. कॅमेऱ्याला पेशी दिसत नाही, फक्त साखर दिसते. त्या स्कॅनवर दोन्ही सारखेच दिसले असते, फरक केला तो काकूंच्या उत्तरानं आणि त्या फिकट डागानं.

रिपोर्टमध्ये "मेटास्टॅसिस (कॅन्सरचा प्रसार) नाकारता येत नाही" लिहून मोकळं होणारे बरेच आहेत. त्या एका वाक्यावर माणसाचं घर झोप विसरतं. मी लिहिलं: लसीमुळे सुजलेल्या गाठी वाटतात, सहा आठवड्यांनी सोनोग्राफी करा. सर्जनचा लगेच फोन आला, त्यांना सुई घालून तपासायचंच होतं. बराच वाद झाला. अखेर ते थांबायला तयार झाले, पण मनापासून नव्हे. मार्कर वाढलेला असताना थांबा म्हणणं मलाही सोपं गेलं नाही.

सोनोग्राफीत गाठी पूर्ववत दिसल्या. मार्कर मात्र अजून तेवढाच आहे, ना वाढला ना उतरला, आणि त्याचं कारण सापडलेलं नाही. तोवर कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं होतं. काकूंनी विचारलं, दुसरा डोस कुठल्या हातात घेऊ? म्हटलं, उजव्याच. आणि पुन्हा पेट करायची वेळ आली तर डोसाच्या आधी या.