त्रिशूलीकाठच्या पत्र्याखाली

काठमांडूच्या माछापोखरीवरून सकाळी त्रिशूलीची बस पकडली. फेब्रुवारी 2018. ककनीला रस्त्याकडेला बायका स्ट्रॉबेरी विकत बसल्या होत्या, ढग सरले की गणेश हिमालची शिखरं दिसत होती. माझी नजर मात्र खालच्या उतारांवर खिळली होती. जागोजाग पत्र्याची शेडं. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपाला तीन वर्षं होत आली होती.

अशी शेडं मी आतून पाहिलेली आहेत. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. औसा तालुक्यातलं आमचं दगडमातीचं घर बसलं, शाळाही गेली. माझी पहिली पत्र्याखाली झाली. उन्हाळ्यात दुपारी डोकं भणभणायचं. पावसात तर बाईंचे नुसते ओठ हलताना दिसायचे, ऐकू काही यायचं नाही. मग त्या खडू खाली ठेवायच्या आणि पाऊस उघडेपर्यंत आम्ही सगळे गप्प बसून राहायचो. म्हणून नुवाकोट जिल्ह्यातल्या एका बालवाडीच्या डागडुजीला माणसं हवीत असं मित्राकडून कळलं, तेव्हा दोन आठवड्यांची रजा टाकली.

तिथे बालवाडीला बाल विकास केंद्र म्हणतात आणि शिकवणाऱ्या बाईंना सहजकर्ता. मी त्यांना दिदी म्हणू लागलो. त्यांनी पहिल्याच दिवशी भूकंपाबद्दल सांगितलं. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असते आणि धरणी हलली ती शनिवारी, दुपारी बाराच्या जरा आधी. शाळेची भिंत वर्गात कोसळली, पण वर्गात कुणी नव्हतं. हे सांगताना त्यांनी नकळत हात जोडले. आमच्याकडे तो पहाटे चारच्या सुमारास आला होता, गणपती विसर्जनाहून दमून आलेली माणसं गाढ झोपेत असताना. मी तेवढंच बोललो. नंतर बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

आम्ही पाच जण होतो आणि येतानाच काठमांडूहून रंगाचे डबे आणले होते. दिदींनी डबे कोपऱ्यात ठेवायला लावले. "रंग पछि, पहिला धारा." धारा म्हणजे नळ. रंगाचं मागून बघू, आधी नळ. तो मोठ्यांच्या कमरेएवढ्या उंचीवर होता, तीन-चार वर्षांच्या पोरांचे हात काही तिथवर पोचत नव्हते. चर्पीतून, म्हणजे संडासातून आलेलं मूल कुणीतरी येऊन नळ सोडेल म्हणून उभं राहायचं आणि शेवटी हात चड्डीला पुसून वर्गात जायचं. दिदींनी सगळ्यांत बुटक्या मुलीला भिंतीशी उभं केलं, तिचं कोपर जिथे टेकलं तिथे कोळशाने रेघ मारली आणि मला म्हणाल्या, इथे. त्या रेघेवर आम्ही तीन तोट्या बसवल्या. खाली सिमेंटचा उथळ ओटा केला आणि सांडपाण्याची नाळी मागच्या केळींकडे काढून दिली. चार दिवस त्यातच गेले, आणि माझ्या मते तेच तिथलं सर्वांत मोठं काम.

छताचं मात्र मी सुचवलं. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्या ठोकायच्या आणि गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना झरोके ठेवायचे. तट्ट्या विणायला गावातलीच माणसं आली. तामाङ समाजातल्या एका म्हाताऱ्या बाजेंनी, म्हणजे आजोबांनी, खुकुरीने बांबू असा सरसर चिरला, की आम्ही आपापली कामं टाकून बघत राहिलो.

रंग शेवटी लागला. अक्षरं लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण लिपी आपलीच, देवनागरी. बाराखडीलाही ते बाह्रखरी म्हणतात. मी झोकात 'ल' काढला, दोन गोल पाकळ्यांचा, आपल्या पाटीवरचा. दिदी जवळ आल्या. "यो हाम्रो ल होइन." हा आमचा ल नाही. त्यांचा 'झ'ही वेगळा, 'भ'ला शेपूट फुटल्यासारखा. मी 'ळ'साठी जागा धरली होती, पण त्यांच्या वर्णमालेत ळ नाहीच. ओला रंग कापडाने पुसून काढला. मग दिदी खडूने गिरवत गेल्या आणि मी मागून ब्रश फिरवत गेलो. रोज ही भिंत बघून गिरवणाऱ्या पोरांना त्यांचीच अक्षरं हवीत, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. आधी वारा सुटला, मग टपोरे थेंब, पाठोपाठ गारा. मी बाहेर हत्यारं गोळा करत होतो, तसाच धावत आत शिरलो. पोरांनी एकदा वर पाहिलं. गारांचा आवाज येत होता, पण तट्ट्यांपलीकडून, दुसऱ्या कुणाच्या घरावर पडत असाव्यात तसा. दिदी छडीने भिंतीवरचं एकेक अक्षर दाखवत होत्या. थांबल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. पोरं त्यांच्यामागून म्हणत होती, य, र, ल, व. दाराशी उभ्या असलेल्या मला प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू येत होतं.