तेवीस डोसांचा हिशेब

ऐन गळीत हंगामात शिरोळकडच्या फडावरून रात्री एक बाळंतीण आली. बाळ २ किलो २०० ग्रॅमचं. नाकातून रक्ताळ पाणी, तळहात-तळपायांची साल सुटलेली, पोट फुगलेलं. आधी हातमोजे चढवले, कारण बाळाला आईकडून सिफिलिस झाला असेल तर त्याच्या नाकातल्या पाण्यातूनही लागण होते.

आईचं कार्ड पत्र्याच्या पेटीतून निघालं, बीडकडचं. पाचव्या महिन्यात सिफिलिसची तपासणी ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे लागण दाखवणारी, उपचाराचा रकाना कोरा. रिपोर्ट आला तोवर जोडपं उचल घेऊन ट्रॅक्टरात बसलं होतं. इकडे पालावर तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या, पण पेटी उघडायला कुणी सांगितलं नाही.

आरपीआर, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, लावली. आईचं १:८, बाळाचं १:६४, आईच्या आठपट. त्यात ही लक्षणं, म्हणजे थांबायचं कारणच नव्हतं.

क्रिस्टलाइन पेनिसिलीन, किलोला ५० हजार युनिट, म्हणजे एका वेळी १ लाख १० हजार, शिरेतून. पहिले ७ दिवस दर १२ तासांनी, पुढचे ३ दिवस दर ८ तासांनी. १४ आणि ९, तेवीस डोस. रात्रपाळीत कागदावर बेरीज केली तर २५ लाख ३० हजार युनिट झाले. आईला पाचव्या महिन्यात बेंझाथीन पेनिसिलीनची जी पहिली सुई मिळायला हवी होती, ती २४ लाखांची! औषध जवळजवळ तेवढंच. पैसा जातो तो दुसरीकडेच: १० दिवस अडलेला बाळाला ऊब देणारा वॉर्मर, पाठीतलं पाणी काढणं, लांब हाडांचे एक्स-रे. ५ लाखांच्या कुपीतला पाचवा हिस्सा बाळाला, बाकीचं बेसिनमध्ये. चौथ्या पहाटे आयव्ही निघाली, हात सुजला. एका दिवसाहून जास्त खंड पडला तर कोर्स पहिल्यापासून, म्हणून डोक्याची शीर धरली.

मुकादम दोनदा दारात येऊन गेला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; बाई इथं म्हणजे अर्धा कोयता बंद, वर खाड्याचा दंड. हे कुठल्याच रुग्णालयाच्या जमाखर्चात येत नाही.

“मला तर काहीच होत नाही, सिस्टर,” नवरा म्हणाला. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही, आपोआप भरते, त्यामुळे सगळ्यांना तसंच वाटतं. दोघांना सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, नेलं. लागण कधीची ते ठाऊक नसल्याने आठवड्याच्या अंतराने तीन-तीन सुया. बेंझाथीन दुधासारखं दाट होतं. कुपी नीट हलवून लगेच टोचावं लागतं, रेंगाळलं की सुईत बसतं. २१ नंबरची सुई, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं, खोल आणि सावकाश. त्याच्या वेळी पहिली सुई अडकलीच, दुसरी लावावी लागली.

अकराव्या दिवशी डिस्चार्ज. बाळाची आरपीआर परत तीन महिन्यांनी, तोवर कारखान्याचा पट्टा पडलेला, म्हणजे हंगाम संपलेला असणार. “ताई, पत्ता कुठला लिहू?” ती दोन्ही सांगू लागली, पालाचा आणि गावचा. कार्डावर जागा एकाचीच होती. गावचा मागच्या बाजूला लिहिला, लाल पेनाने.