बटणावरचे दात

"काका, एका मुखवट्याची दोरी राहिलीय," इव्हेंटवाला पोरगा म्हणाला. राहिली नव्हती. तो मोरेत्ता होता, बिनदोरीचाच मुखवटा.

लोणावळ्याच्या रिसॉर्टवर मुखवट्यांची पार्टी, ४५ नग, तेही आषाढात. आमच्या पेणच्या कारखान्यात तेव्हा गणपतींनाच वाळायला जागा नसते. पण आगाऊ रक्कम रोख मिळाली.

फोनवर व्हेनिसचे फोटो दाखवून "सेम पाहिजे" म्हणणाऱ्यांना वाटतं, कागद चिकटवला की झालं. साच्यात पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, खळ न लावता. नाहीतर मुखवटा साचा सोडत नाही. मग एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा, म्हणजे कुठे थर राहिला ते रंगावरून कळतं. कागद फाडायचा, कापायचा नाही. कापलेली कड रंगाखालूनही दिसते. एरवी कीड लागू नये म्हणून खळीत आम्ही मोरचूद घालतो, पण हे लोकांच्या तोंडाला लागणार, म्हणून लवंगेचं तेल. वाळवण हॅलोजनखाली. घाई केली की हनुवटी पिळवटते. चार त्यातच गेले.

यादीत अर्ध्या चेहऱ्याचे कोलंबिना होते, पूर्ण चेहऱ्याचे बाउटा होते. बाउटाची हनुवटी पुढे काढलेली, त्यामुळे तो न काढता खातापिता येतं. मोरेत्ता कुणी मागितलाच नव्हता, ती माझी हौस. १७५१ साली पिएत्रो लोंगीनं व्हेनिसमध्ये गेंडा बघायला जमलेली माणसं रंगवली, त्यात एका बाईच्या चेहऱ्यावर तो आहे: काळा, लंबगोल, तोंडाला भोकच नाही. आत शिवलेलं बटण दातांत धरायचं. बोललात की पडला. मी काळी मखमल चढवली, लाकडी बटण दुपदरी दोऱ्यानं घट्ट शिवलं.

पार्टीत मी ग्लू गन आणि इलॅस्टिक घेऊन कोपऱ्यात. अर्ध्या तासात निम्मे मुखवटे कपाळावर गेले, सेल्फीत तोंड दिसायला नको? मोरेत्ता उचलला यजमानांच्या बायकोनं. कसा धरायचा ते सांगितलं, तशा हसल्या आणि धरला. केक कापताना नवऱ्यानं माइक पुढे केला, "दोन शब्द बोल." त्यांनी मुखवट्याकडे बोट दाखवलं. हशा पिकला. तो पुन्हा म्हणाला, पुन्हा हशा. मग हळूच, "अगं, काढ ना आता." माइक चालूच होता. त्या नुसती मान हलवत राहिल्या. केकही नाही खाल्ला.

मुखवटे पुढे भाड्यानं द्यायचे म्हणून रात्री खोकी भरत होतो. मोरेत्ताच्या बटणावर दातांचे खोल वण, एका कडेला चीर.

"काका, हा तुटलाय, याचे पैसे कापतो."

काप बाबा. मी ते लावलेच नव्हते.

दुरुस्तीला म्हणून घरी आणला. हिला दाखवला तर म्हणाली, "बरी सबब मिळाली बिचारीला." असेल. पण नुसत्या सबबीसाठी लाकडात इतके दात रुततात? गणपती हातावेगळे झाले की बटण बदलेन म्हणतोय.