नं. ३२ दुर्बीण: उन्हाळ्यानंतरची नोंद

धुळ्यात जुने कॅमेरे जमवणारा माझा एक मित्र आहे. त्याच्याकडची नं. ३२ दुर्बीण अखेर तपासायला माझ्याकडे आली. नव्या मंडळींसाठी सांगतो, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेच्या ली-एनफिल्ड नं. ४ (टी) या स्नायपर रायफलवर हीच बसायची. मुळात ती ब्रेन मशीनगनसाठी आखलेली, म्हणून एवढी दणकट. आपल्याकडे .३०३ हा प्रतिबंधित बोअर, त्यामुळे रायफलचा अभ्यास फोटो आणि कागदांवरूनच. हातात येतात त्या दुर्बिणी, त्या रायफलवर बसवणारे ब्रॅकेट आणि त्यांचे स्टीलचे डबे. त्यांच्यातच एवढं शिकायला आहे की जन्म पुरणार नाही.

नळीवरची अक्षरं वाचण्याआधी मी नेम जुळवायच्या चकत्यांच्या टिकटिकी मोजतो. मार्क १ची, म्हणजे पहिल्या आवृत्तीची, वरची चकती ५० यार्डांच्या टप्प्यांनी फिरते आणि बाजूची कोनाच्या दोन-दोन मिनिटांनी (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). मार्क २पासून टिकटिक एका मिनिटाची झाली. या दुर्बिणीची टिकटिक बारीक निघाली आणि नळीवर ‘२/१’ सापडलं, म्हणजे मूळची मार्क २, नंतर सुधारलेली. दोन्ही पुरावे एकमेकांशी जुळले तेव्हा फार बरं वाटलं.

मग डोळा लावून चकत्या टोकापर्यंत फिरवल्या. आतला टोकदार खांब आणि आडवी तार मध्यावरून सरकत कडेला जायला हवी, कारण या दुर्बिणीत खूणच हलते. हल्लीच्या दुर्बिणीत खूण कायम मध्यावर दिसते. जुन्या नळीत नवं पोट भरलेलं असेल तर ते इथे उघडं पडतं.

दृष्टिक्षेत्राची चाचणी तापीकाठच्या कपाशीच्या शेतात घेतली, भल्या पहाटे. आठनंतर झळा सुरू झाल्या की कडेचं दृश्य थरथरतं आणि मापाला अर्थ उरत नाही. नं. ३२चं क्षेत्र ९ अंशांचं, म्हणजे १०० मीटरवर साधारण पावणेसोळा मीटर रुंदी दिसली पाहिजे. दोन काठ्या तेवढ्या अंतरावर रोवल्या आणि दोन्ही अगदी कडेला बसल्या. शेजारच्या शेतातले आजोबा येऊन विचारायला लागले, “हाई काय शे, भाऊ?” त्यांनाही पाहायला दिली.

ब्रॅकेटबद्दल मात्र माझा आग्रह कडक आहे. त्यावर ठोकलेला क्रमांक रायफलचा असतो आणि दुर्बिणीचा क्रमांक रायफलच्या दस्त्याच्या मनगटावर असतो. जोडी अशीच सिद्ध होते. दस्त्याखाली ‘एस ५१’ म्हणजे हॉलंड अँड हॉलंडने केलेलं रूपांतर. रायफलच्या डाव्या बाजूवरचा ‘टी’ आणि ‘टीआर’ही पाहायचा. पण रंग ऐंशी वर्षांचा आणि त्यावरचा आकडा मात्र कोरा करकरीत, असं दिसलं तर कितीही गोड कहाणी ऐकवली तरी मी मान हलवत नाही. कहाणी विकणाऱ्याची असते, झीज वस्तूची. उलट, १९४४च्या मार्क ३वर मीटरची चकती दिसली म्हणून लगेच खोटी ठरवू नका. १९७०च्या एल४२ए१ या ब्रिटिश स्नायपर रायफलसाठी कित्येक दुर्बिणी मीटरची चकती बसवून एल१ए१ या नावाने पुन्हा तयार केल्या गेल्या.

आपल्या भागात खरी काळजी उन्हाची. भिंगांचे जोड कॅनडा बाल्सम या झाडाच्या राळेने चिकटवलेले असतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा ते जोड जपायलाच हवेत. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत दुर्बीण ठेवू नये. आमच्या धाब्याच्या घरात मधली खोली दुपारीही गार असते, माझा साठा तिथेच, सिलिका जेलसह. या दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाच्या कडेला पिवळसर वलय आहे, जोड सुटायला लागलाय. मित्राला खोलून साफ करायची होती, मी नको म्हटलं. मूळ जोड एकदा सुटला की मूळ दुर्बीणही गेली.

डब्यावर पांढऱ्या रंगात क्रमांकाचे तीन आकडे अजून वाचता येतात. उरलेल्यांसाठी तिरप्या उजेडात फोटो काढायचे आहेत. ते निघाले की ब्रॅकेटच्या क्रमांकाशी ताडून पुढची नोंद टाकतो.