फॉर्म सगळ्यात शेवटी येतो

‘रोटरीची परदेशी शिक्षणासाठी स्कॉलरशिप असते म्हणे. तिचा फॉर्म कुठे मिळतो?’ हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं. फॉर्म आहे, पण तो सगळ्यात शेवटी येतो, आणि तुमच्या बाजूने कुणीतरी उभं राहिल्याशिवाय उघडतच नाही.

जुन्या मंडळींना आठवते ती ‘ॲम्बॅसडोरियल’ स्कॉलरशिप. 1947 मध्ये रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस वारले, त्यांच्या स्मरणार्थ देणग्या आल्या आणि पहिले 18 विद्यार्थी परदेशी गेले. युद्धाच्या जखमा ताज्या असताना, 1951 मध्ये जपानहून अमेरिकेत जॉर्जटाउनला शिकायला गेलेल्या सादाको ओगाता याच योजनेतल्या. पुढे त्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त झाल्या. ती योजना 2013 मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्या नावाने अजून फिरणारे सल्ले सोडून द्या. आता आहे ती ग्लोबल ग्रँट.

ग्लोबल ग्रँट दोन देशांतल्या रोटरीने मिळून उभी करायची असते. तुम्ही जिथून निघता तिथला क्लब किंवा डिस्ट्रिक्ट (सरकारी जिल्हा नव्हे, एका भागातल्या रोटरी क्लबांचा गट), आणि जिथे शिकणार तिथला. पैशाचा हिशेब समजून घ्या, म्हणजे क्लबवाले काचकूच का करतात ते कळेल. ग्रँट किमान 30,000 डॉलरची लागते. डिस्ट्रिक्टच्या हातात डीडीएफ नावाचा निधी असतो: सभासदांनी रोटरी फाउंडेशनला, म्हणजे रोटरीच्या देणग्या सांभाळणाऱ्या संस्थेला, दिलेल्या देणग्यांतला काही भाग तीन वर्षांनी डिस्ट्रिक्टच्या वापरासाठी मोकळा होतो, तो हा. डीडीएफमधून जेवढं निघेल, त्याच्या 80 टक्के रक्कम फाउंडेशनचा मध्यवर्ती निधी, म्हणजे वर्ल्ड फंड, घालतो. म्हणजे 30,000 गाठायला दोन्हीकडच्या डिस्ट्रिक्टनी मिळून सुमारे 16,667 डॉलर काढायचे, तेव्हा वरून 13,333 येणार. क्लबने रोख दिली तर तिच्यावर वर्ल्ड फंड काही घालत नाही. आणि हाच डीडीएफ डायलिसिस मशीनला लागतो, शाळेच्या स्वच्छतागृहांनाही लागतो. तुमची खरी स्पर्धा त्या मशीनशी आहे, हे ओळखून क्लबकडे जा.

मार्क चांगले हवेतच, पण त्यावर निवड ठरत नाही. अभ्यासक्रम पदव्युत्तर हवा, आणि रोटरीच्या सात क्षेत्रांपैकी एकात बसायला हवा: शांतता, रोगप्रतिबंध, पाणी व स्वच्छता, माता-बाल आरोग्य, मूलभूत शिक्षण, स्थानिक अर्थविकास, पर्यावरण. तपासणारे तीन गोष्टी एका दोरीत ओवून पाहतात: आजवर काय काम केलं, कोर्स त्याला धरून आहे का, पुढे काय करणार. गावच्या नळयोजनांवर काही वर्षं राबलेला सिव्हिल इंजिनिअर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आयएचई संस्थेत पाण्याचा अभ्यास करायला निघाला, तर काही समजावून सांगावं लागत नाही. त्याच इंजिनिअरने कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट निवडलं की अर्ज तिथेच आपटला. साध्या एमबीएचंही तेच. ‘समाजासाठी काहीतरी करायचं आहे’ हे वाक्य सगळेच लिहितात. कोणत्या तालुक्यात, कोणत्या प्रश्नावर, कोणत्या पदावर, असं लिहा, आणि कोर्समधले नेमके कोणते विषय घेणार तेही सांगा.

वेळेच्या बाबतीत लोक हमखास फसतात. विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात आलं की ते क्लबचं दार वाजवतात. रोटरीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं, पदाधिकारी बदलतात आणि डीडीएफचं वाटप बरंच आधी ठरलेलं असतं. कोर्स सप्टेंबरमध्ये सुरू होणार असेल तर निदान सव्वा वर्ष आधी भेटा. महाराष्ट्रात डिस्ट्रिक्ट वेगवेगळे आहेत: पुण्याला 3131, मुंबईला 3141, नागपूर-नाशिककडे 3030, कोल्हापूर आणि गोव्याला 3170. क्लबच्या अध्यक्षांना भेटाच, पण डिस्ट्रिक्टच्या फाउंडेशन समितीचे अध्यक्ष कोण ते विचारून घ्या. डीडीएफ त्यांच्या आणि डिस्ट्रिक्टचे प्रमुख असलेल्या गव्हर्नरांच्या मंजुरीशिवाय हलत नाही.

हे जमलं की क्लब ऑनलाइन अर्जात तुमचा ईमेल टाकतो, आणि मग तुम्हाला तो फॉर्म येतो. सोबत प्रवेशपत्र लागतं. त्यात आर्थिक हमीची अट असेल तर चालतं. मंजुरी येण्याआधी विमानाचं तिकीट काढू नका.

आणखी एक, कारण यावरून घरोघरी हिरमोड होतो: रोटेरियनची, म्हणजे रोटरीच्या सभासदांची, मुलं, नातवंडं आणि जोडीदार यांना ही ग्रँट मिळत नाही. वडिलांनी सभासदत्व सोडलं तरी 36 महिने नाही.

लंडन-न्यूयॉर्कच्या एका वर्षाला 30,000 डॉलर अनेकदा पुरत नाहीत. व्हिसासाठी उरलेल्या रकमेचा पुरावा, बहुधा शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र, वेगळा तयार ठेवा. विषय सात क्षेत्रांत बसत नसेल किंवा मुलगा अजून पदवीलाच असेल, तर डिस्ट्रिक्ट ग्रँटबद्दल विचारा. तिथे रक्कम लहान, पण विषयाचं आणि पातळीचं बंधन नाही. डिस्ट्रिक्ट देईल ते.

शांतता आणि विकासाच्या कामात निदान तीन वर्षं घालवलेल्यांनी मात्र क्लबच्या रांगेत थांबण्यापेक्षा रोटरीचीच पीस फेलोशिप पाहावी. ब्रॅडफर्ड, उप्साला, क्वीन्सलँड किंवा टोकियोत पदव्युत्तर पदवीचा पूर्ण खर्च मिळतो, अर्ज स्वतः करता येतो, आणि मुदत साधारण 15 मेपर्यंत असते. मात्र ही पदवी आपल्याच देशात करता येत नाही. याच फेलोशिपमधल्या, नोकरी सांभाळून करायच्या सर्टिफिकेट कोर्सला पाच वर्षांचा अनुभव लागतो, आणि त्यासाठी आता पुण्यात सिंबायोसिसमध्येही केंद्र मंजूर झालं आहे.