ताऱ्यांच्या प्रकाशातून उमगणारे चुंबकक्षेत्र

१९४९ मध्ये विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल यांना दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश किंचित ध्रुवीकृत, म्हणजे एका ठरावीक दिशेने अधिक कंप पावणारा, आढळला; खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी भाकीत केलेले, ताऱ्याच्या वातावरणातून येणारे ध्रुवीकरण शोधताना हाती लागलेले हे फळ मला मूळ शोधाइतकेच मोलाचे वाटते. ताऱ्यांमधल्या अवकाशातील लांबट धूलिकण फिरताना आपला लांब अक्ष आकाशगंगेच्या चुंबकक्षेत्राला काटकोनात ठेवतात आणि त्या दिशेची प्रकाशकंपने अधिक अडवतात, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ध्रुवीकरणदिशा क्षेत्राच्या आकाशावरील दिशेला समांतर असते. गाया या युरोपीय अवकाश दुर्बिणीने मोजलेली ताऱ्यांची अंतरे जोडीला घेतली, तर कोणता धूलिमेघ किती दूर आहे आणि तेथे क्षेत्र कसे वळते हेही उलगडते. याच कामासाठी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेमध्ये वालोप हे ध्रुवणमापक, म्हणजे प्रकाशाचे ध्रुवीकरण मोजणारे उपकरण, विकसित झाले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.